चांदीचं फिलिंग वीस वर्षं टिकलं, पांढरं चार वर्षांत गेलं, असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खालच्या दोन दाढांत वीसेक वर्षांपूर्वी भरलेली चांदी आहे आणि ती अजून शाबूत आहे. वरच्या एका दाढेत, शेजारच्या दाढेला लागून असलेल्या बाजूला, चार वर्षांपूर्वी पांढरं फिलिंग केलं होतं. त्याच्याखाली पुन्हा कीड लागली आहे. डॉक्टर म्हणतात, हे बदलूच, आणि हात लागला आहे तर जुनी चांदीही काढून सगळं पांढरं करून टाकू. मग सगळ्यांत टिकाऊ मटेरियल कोणतं, आणि चांदी काढावी का?

चांदीचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. दुखत नसेल, कडेला कीड नसेल, दाढेला तडा नसेल, तर काढू नका. कारणं पुढे येतील.

टिकाऊपणाचा प्रश्न मात्र जरा उलटा करून विचारावा लागतो. फिलिंगचं मटेरियल झिजून संपलं म्हणून ते बदलावं लागलं, असं आजकाल फार थोड्या वेळा होतं. फिलिंग जातं ते बहुतेक दोन कारणांनी. एक तर त्याच्या आणि दाताच्या मधल्या कडेला नव्याने कीड लागते, नाहीतर फिलिंग किंवा उरलेली दाढच तुटते. म्हणजे बहुतेकदा निकामी होतो तो सांधा, नाहीतर दाढेची राहिलेली भिंत. त्यामुळे ‘कोणतं मटेरियल किती वर्षं’ हा आकडा एकट्याने फारसं सांगत नाही. कुठल्या दाढेत, किती मोठ्या खड्ड्यात, कुणाच्या तोंडात आणि किती कोरड्या जागेत भरलं, हे कळल्याशिवाय तो अपुराच राहतो.

आता तुमची चांदी का टिकली ते बघू. तिला आपण चांदी म्हणतो खरं, आम्ही अमलगम म्हणतो, पण वजनाने जवळपास अर्धा भाग पारा असतो. उरलेल्यात चांदी, कथील आणि तांबं. जुन्या मिश्रणांत तांबं कमी असायचं, त्यामुळे कथील आणि पाऱ्याचा एक नरम, लवकर गंजणारा भाग तयार व्हायचा आणि कडा चुरून जायच्या. १९६०च्या दशकात जास्त तांब्याची मिश्रणं आली, तो नरम भाग जवळपास नाहीसा झाला आणि अमलगमचं आयुष्य वाढलं. तुमच्या दाढेत वीस वर्षांपूर्वी गेलं ते बहुधा असंच जास्त तांब्याचं असणार.

अमलगम दाताला चिकटत नाही. ते आत रुंद आणि तोंडाशी अरुंद अशा खड्ड्यात ठासून बसवलेलं असतं, एवढंच. सुरुवातीला त्याच्या कडेला बारीकशी फट असतेही. पण काही महिन्यांत त्या फटीत गंजाचा थर साचतो आणि ती आतूनच बुजते. इतर कुठलंही नेहमीचं फिलिंग वयाबरोबर आपली कड अशी स्वतः बुजवत नाही. शिवाय ते भरताना थोडी लाळ लागली तरी बरंचसं चालून जातं. म्हणजे घाईत, अवघड जागी, तोंड नीट न उघडणाऱ्या माणसात भरलेलं अमलगमही वर्षानुवर्षं चालतं. दहा-पंधरा वर्षं तर ते सहज काढतं, आणि वीस-पंचवीस वर्षांची फिलिंग्ज आमच्या खुर्चीत रोज दिसतात.

त्याचा दोष दुसरीकडे आहे. चिकटत नसल्यामुळे ते दाढेच्या भिंतींना धरून ठेवत नाही, उलट चावताना पाचरीसारखा जोर देतं. मोठं अमलगम असलेल्या दाढेचा एखादा कोपरा काहीतरी कडक चावताना अचानक तुटतो, आणि फिलिंग मात्र मधोमध जसंच्या तसं उभं असतं. रुग्ण म्हणतो, फिलिंग पडलं. तोंडात बघावं तर पडलेली असते दाढ.

कॉम्पोझिटची, म्हणजे पांढऱ्या फिलिंगची गोष्ट नेमकी उलट आहे. त्यात काचेचे किंवा सिरॅमिकचे सूक्ष्म कण असतात आणि त्यांना बांधणारं राळेसारखं प्लॅस्टिक. १९५५ साली मायकेल बुओनोकोरे यांनी दाखवलं की इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरावर, ॲसिड लावून ते खडबडीत केलं की प्लॅस्टिक त्याला घट्ट धरतं. १९६२ साली राफेल बोवेन यांनी ज्या राळेचं पेटंट घेतलं, ती आजही बऱ्याच कॉम्पोझिटचा पाया आहे. इनॅमलशी होणारी ही पकड खरोखर भक्कम असते, वर्षानुवर्षं हलत नाही. अडचण आहे ती डेंटिनची, म्हणजे इनॅमलच्या आतल्या थराची. डेंटिनमध्ये पाणी असतं, कोलॅजनचे धागे असतात. बॉन्डिंगचं, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणारं, द्रव्य त्या धाग्यांत झिरपून घट्ट व्हावं अशी अपेक्षा असते, पण ते सगळीकडे सारखं पोहोचत नाही. उघडे राहिलेले धागे डेंटिनमधलीच एन्झाइम्स हळूहळू खातात, आणि राळेचा भाग पाणी व लाळेतली एन्झाइम्स सैल करतात. त्यात भर म्हणजे कॉम्पोझिट कडक होताना आकसतं, साधारण दोन-तीन टक्के. आकडा छोटा वाटतो, पण कुठल्या तरी एका कडेला सांधा सुटायला तेवढं पुरतं.

म्हणून कॉम्पोझिट कुठे टिकतं, हे त्याची कड कशावर संपते यावरून बरंचसं ठरतं. चारी बाजूंनी इनॅमल असलेला, चावण्याच्या पृष्ठभागावरचा छोटा खड्डा असेल तर पंधरा-वीस वर्षं गेली तरी नवल वाटायला नको. पण दोन दाढांच्या फटीतला खड्डा, त्याची खालची कड हिरडीपाशी किंवा हिरडीखाली, जिथे इनॅमल पातळ किंवा नाहीच, तिथे कॉम्पोझिटची खरी परीक्षा असते. तुमचं वरचं फिलिंग याच जातीचं दिसतंय.

असं फिलिंग भरताना काय होतं ते जवळून सांगतो, म्हणजे चार वर्षांत ते का गेलं असेल याचा अंदाज येईल. कीड काढून झाली की खड्ड्याचा तळ हिरडीच्या रेषेशी येतो. कीड असलेल्या जागी हिरडी सुजलेली असतेच. हात लागला की रक्त. वरच्या मागच्या दाढांजवळ गालाच्या आतून लाळेची ग्रंथी उघडते, तिथे लावलेला कापूस थोड्याच वेळात ओला होतो. आता ॲसिड लावायचं, डेंटिनवर साधारण पंधरा सेकंद, धुवायचं, कोरडं करायचं पण अगदी ठणठणीत नाही, मग बॉन्डिंग घासून लावायचं, त्यातला द्रावक हवेने उडवायचा, मग निळा लाइट. यातल्या कुठल्याही क्षणी लाळेचा किंवा रक्ताचा एक थेंब त्या तळाच्या कडेवर आला की तिथली पकड गेली. वरून काहीही दिसत नाही. फिलिंग छान पांढरं, चकचकीत दिसतं. लाइटचंही तसंच. खड्डा खोल असेल तर लाइटचं टोक तळापासून बरंच दूर राहतं आणि तिथपर्यंत प्रकाश पुरेसा पोहोचत नाही. म्हणून साधं कॉम्पोझिट दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत भरतात. एकदम चार मिलिमीटर भरता येईल अशी बल्क-फिल कॉम्पोझिट आली आहेत, पण पहिला थर तळाला नीट बसला आणि कडक झाला पाहिजे ही अट त्यांनाही आहेच. वरचे थर पक्के आणि सगळ्यांत खालचा अर्धाकच्चा राहिला, तर कीड नेमकी तिथूनच शिरते.

यावरचा उपाय जुनाच आहे. रबर डॅम १८६४पासून वापरात आहे: एक ताणलेला रबरी पडदा, त्यातून फक्त दाढ बाहेर, बाकी जीभ, लाळ सगळं पडद्याआड. लावायला वेळ लागतो, काही रुग्णांना गुदमरल्यासारखं वाटतं, म्हणून तो टाळला जातो. माझं मत विचाराल तर फटीतल्या कॉम्पोझिटसाठी कोणत्या कंपनीचं मटेरियल वापरलं यापेक्षा जागा कोरडी ठेवली का, हा प्रश्न मोठा आहे. डॅम लागत नसेल तर दुसऱ्या कोणत्या तरी मार्गाने, पण कोरडी हवीच.

आता आकडे. पोर्तुगालमध्ये लिस्बनला ८ ते १२ वर्षांच्या मुलांच्या दाढांत अमलगम आणि कॉम्पोझिट भरून त्यांच्यावर सात वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं गेलं. २००७ साली निकाल प्रसिद्ध झाला: अमलगम ९४.४ टक्के टिकलं, कॉम्पोझिट ८५.५ टक्के. फरक पडला तो मुख्यतः कडेच्या नव्या किडीमुळे. कॉम्पोझिटमध्ये तिचा धोका साडेतीन पट होता. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२१च्या आढाव्यातही कायमच्या दाढांत कॉम्पोझिट निकामी होण्याचा धोका अमलगमच्या जवळपास दुप्पट दिसला, आणि तिथेही दोष कडेच्या किडीचाच. तुटण्याच्या बाबतीत दोघांत ठळक फरक नव्हता.

एवढं वाचून ‘मग चांदीच बरी’ असं म्हणण्याची घाई करू नका. ते मुख्य अभ्यास मुलांवरचे होते, आणि आधीच किडलेले दात असलेल्या मुलांवरचे. नेदरलँड्समधल्या एका दवाखान्यातल्या मोठ्या फिलिंग्जच्या बारा वर्षांच्या नोंदी २०१०मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत ज्यांना कीड क्वचित लागते अशा लोकांमध्ये कॉम्पोझिट अमलगमपेक्षा जास्त टिकलं होतं. कीड सहज लागणाऱ्यांमध्ये मात्र तीन बाजूंच्या फिलिंग्जना अमलगमच सरस ठरलं. पुढे २०१४ साली अनेक अभ्यासांतले रुग्ण एकत्र करून जो हिशेब मांडला गेला, त्यात दाढांमधली कॉम्पोझिट पहिल्या पाच वर्षांत दर वर्षी सरासरी १.८ टक्के आणि दहा वर्षांच्या हिशेबात दर वर्षी २.४ टक्के निकामी होत होती. म्हणजे दहा वर्षांनी शंभरातली पंच्याहत्तरच्या वर उभी. त्याच हिशेबात फिलिंगची प्रत्येक जादा बाजू धोका तीस-चाळीस टक्क्यांनी वाढवत होती. दाढेच्या पाच बाजूंपैकी एकच भरली आहे की तीन, हा फरक मटेरियलच्या नावाइतकाच महत्त्वाचा आहे, ही गोष्ट रुग्णांना क्वचितच सांगितली जाते.

जाता जाता ग्लास आयोनोमर, ज्याला बरेच जण नुसतं ‘सिमेंट’ म्हणतात. लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत विल्सन आणि केंट यांनी ते शोधलं, १९७०च्या आसपासची गोष्ट. काचेची पूड आणि एक सेंद्रिय ॲसिड यांचं हे मिश्रण दातातल्या कॅल्शियमशी रासायनिकरीत्या जोडलं जातं. वेगळं बॉन्डिंग लागत नाही. ते फ्लोराइड सोडतं, पहिल्या काही दिवसांत भरपूर, नंतर थोडं थोडं, आणि टूथपेस्टमधलं फ्लोराइड पुन्हा शोषून घेतं. कीड टाळायला याचा प्रत्यक्ष किती उपयोग होतो यावर मतभेद आहेत. दोन दाढांच्या मधल्या, चावण्याचा भार येणाऱ्या मोठ्या खड्ड्यात ते लवकर झिजतं किंवा तुटतं, तिथे ते कायमचं समजू नये. पण हिरडीलगत, जोरजोराने ब्रश घासून पडलेल्या खाचांमध्ये, जिथे चावण्याचा थेट भार नाही आणि इनॅमलही फारसं नाही, तिथे ते टिकून राहण्यात कॉम्पोझिटपेक्षा बऱ्याचदा वरचढ ठरतं. दिसायला जरा मळकट, हा त्याचा तोटा. आणि ते भरल्यावर सुरुवातीला पाण्यापासून जपावं लागतं, म्हणून वरून वार्निशचा लेप देतात. तो न देता सोडून दिलेलं सिमेंट खडूसारखं भुसभुशीत होतं, आणि मग ‘सिमेंट टिकत नाही’ असा त्याच्यावर शिक्का बसतो.

खड्डा फार मोठा झाला की हातोहात भरण्यापेक्षा बाहेर बनवून आणलेला तुकडा बसवणं बरं: इनले किंवा ऑनले. यात सोन्याच्या मिश्रधातूचा तुकडा आजही टिकाऊपणात पहिला. दातासारखाच हळू झिजतो, समोरच्या दाताला घासून खात नाही, कडा पातळ करून दाताशी अगदी बसवता येतात. तीस-चाळीस वर्षं जुनी सोन्याची कामं पाहायला मिळतात. ती निवडक रुग्णांत निवडक हातांनी केलेली असतात हेही खरं, पण तेवढ्यानेच सगळा फरक पडतो असं मला वाटत नाही. दिसण्यापायी लोक सोनं नको म्हणतात. सिरॅमिकचे तुकडे दहा वर्षांत साधारण नव्वद टक्के टिकतात, आणि गेले तर बहुधा तडकून जातात.

मी स्वतः मटेरियल निवडताना ‘किती टिकेल’ याच्या जोडीला ‘जाईल तेव्हा कसं जाईल’ हे बघतो. सिमेंट झिजतं, पण दात बहुधा वाचतो. पुन्हा भरता येतं. अमलगमची कड कुरतडल्यासारखी दिसू लागते, किंवा कोपरा तुटतो. रुग्णाला कळतं, तो येतो. सिरॅमिक तडकतं, तेही कळतं. कॉम्पोझिट मात्र फटीच्या तळाशी गुपचूप सुटतं. दुखत नाही, रंग बदलत नाही, आणि एक्स-रेत दिसेपर्यंत कीड नसेजवळ पोहोचलेली असू शकते. म्हणून ज्याच्या तोंडात फटीतली कॉम्पोझिट आहेत त्याने ठरावीक काळाने दाढांच्या मधल्या फटी दिसतील असा बाईटविंग एक्स-रे काढून घ्यावा. किती काळाने, ते कीड लागण्याच्या सवयीवर ठरतं.

ती सवय हाच तुमच्या प्रश्नातला न विचारलेला भाग आहे. वीस वर्षांपूर्वीचं आणि आजचं तुमचं तोंड एकच नाही. मधल्या काळात रक्तदाबाच्या, नैराश्याच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर लाळ कमी झाली असेल, आणि लाळ कमी झाली की कुठलंच फिलिंग टिकत नाही. दिवसभर थोडं थोडं गोड पिणं, खाणं वाढलं असेल. रात्री झोपेत दात खाण्याची सवय असेल तर भिंती तडकतात. पुन्हा, ही कीड चार वर्षांत नव्याने लागली की तेव्हाच थोडी आत राहिली होती, की मुळात कीडच नाही, नुसती कडेला डाग पडलेली रेघ आहे? कडेचा तपकिरी डाग म्हणजे कीड नव्हे. टोकदार हत्याराने टोचून अडकलं तरी ती कीड असतेच असं नाही. एक्स-रेत फिलिंगखाली काळी सावली दिसते का, आणि ती बॉन्डिंगच्या जाड थराची नाही ना, हे बघून ठरवायचं.

आता जुनी चांदी काढण्याबद्दल. फिलिंग काढताना त्याच्यासोबत थोडा चांगला दातही जातोच. म्हणजे नवं फिलिंग आधीच्यापेक्षा मोठं, आणि मोठं म्हणून कमी टिकणारं. असं दोन-तीनदा झालं की भिंत पातळ होते, मग कॅप, मग कदाचित रूट कॅनल. शिवाय पाऱ्याची वाफ सर्वांत जास्त निघते ती अमलगम भरताना आणि ड्रिलने काढताना. शांत बसलेल्या फिलिंगमधून निघते ती फार थोडी. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० साली गरोदर स्त्रिया, लहान मुलं, मूत्रपिंडाचे रुग्ण अशांमध्ये शक्यतो नवं अमलगम टाळावं असं सांगितलं, पण त्याच वेळी, चांगल्या स्थितीतलं अमलगम वैद्यकीय गरज नसताना काढू नका, असंही सांगितलं. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५पासून अमलगम भरणं अपवाद वगळता बंद झालं, त्यामागे मुख्य कारण पाऱ्याचं पर्यावरणातलं प्रदूषण आहे. नवीन भरणं थांबवणं वेगळं आणि तोंडातलं शाबूत काढणं वेगळं.

चांदीची एखादी कड चुरली असेल तर तेवढीच कोरून दुरुस्त करता येते. सगळं उपसायची गरज नाही. कॉम्पोझिटचंही तसंच, उलट त्याची दुरुस्ती जास्त सोपी. डॉक्टर बदलला की फिलिंग बदलण्याचं प्रमाण वाढतं, हे वेगवेगळ्या देशांतल्या नोंदींत दिसलेलं आहे. नव्या माणसाला जुन्याचं काम जितकं खराब दिसतं तितकं ते नेहमी नसतं. आम्हा लोकांची ही जुनी खोड आहे.

वरच्या दाढेसाठी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. एक्स-रेत कीड नेमकी कुठे आहे: वरच्या कडेला असेल तर तेवढीच दुरुस्ती होईल का? तळाच्या कडेला असेल तर ती हिरडीच्या वर आहे की खाली, आणि खाली असेल तर जागा कोरडी कशी ठेवणार? रबर डॅम लावणार का? शेजारच्या दाढेशी स्पर्श घट्ट येईल अशी मॅट्रिक्स पट्टी वापरणार का? हा स्पर्श सैल राहिला की रोज अन्न अडकतं आणि हिरडी दुखत राहते. तळ खूप खाली असेल आणि कोरडं राहणं अशक्य असेल, तर खालचा थर ग्लास आयोनोमरचा आणि वर कॉम्पोझिट, असा मधला मार्गही आहे. आणि कीड काढल्यावर दोनच भिंती उरत असतील, तर भरण्याच्या फंदात न पडता ऑनले किंवा कॅपचं बोलून घ्या.